तिचा पाय न लागलेली जागा

"कमान. वाक. आता डावीकडे," नवरा पुटपुटला. हातात नकाशा नाही, पुस्तक नाही. वर न बघताच तो वाकला, पलीकडे गेला आणि डावीकडे वळला.

डावीकडे खरंच खांबांची रांग होती.

मागून येणारी त्याची बायको जागीच थांबली.

सकाळी ती कशी होती! बसमधली मंडळी गाइडच्या छत्रीमागे निघाली आणि ही दोघं गुपचूप मागे राहिली, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, आपण सहलीला नाही, प्रवासाला आलोय. नवे बूट धुळीनं पांढरे झाले होते. दारावरच्या पहारेकऱ्याशी ती नुसत्या हातवाऱ्यांनी बोलली होती, आणि त्याला कळलंही होतं. त्या जुन्यापुराण्या रस्त्याच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी खाचा पडल्या होत्या. खाचेत पाऊल ठेवून ती एकटीच हसली होती. आणि मुख्य म्हणजे, इथे पहिली नव्हती.

पहिली म्हणजे नवऱ्याची पहिली बायको. ही दुसरी.

घरातला एकेक डबा पहिलीनं घेतलेला. पडदे पहिलीच्या पसंतीचे. नळ गळतो तोसुद्धा पहिलीच्या वेळेपासून. शेजारीण भेटली की आधी उसासा, मग चौकशी. जिवंत सवतीशी निदान कडाकडा भांडता येतं. मेलेलीचं काय करणार? ती दिवसेंदिवस जास्तच गुणी होत जाते.

म्हणून तिला एक जागा हवी होती. एकच. जिथे पहिलीचा पाय लागलेला नाही. "परदेशात जाऊ या, कुठेही," ती म्हणाली होती, आणि नवऱ्यानं क्षणाचाही विचार न करता या पडक्या नगरीचं नाव घेतलं होतं.

तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"उंबरा येईल. मोडका. जपून."

आला. मोडका होता.

"मग भट्टी."

भट्टीही आली, काळवंडलेल्या तोंडाची. आता मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कितीदा आला होतात इथे?"

"मी? पहिल्यांदाच."

"खोटं बोलू नका. तुमच्या तिला घेऊन आला होतात. नुसतं हो म्हणा, मी काही खात नाही तुम्हाला."

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामातला माणूस. चार स्क्रू फिरवेल तेव्हा एक शब्द बोलेल. तो भट्टीच्या कट्ट्याला टेकला.

"तिला कुठे आणणार होतो गं? शेवटी शेवटी पलंगावरून उठवत नव्हतं तिला. या जागेचं एक पुस्तक होतं आमच्याकडे. ती पलंगावरून वाचायची आणि मी घरभर चालायचो. बाहेरच्या खोलीचं दार म्हणजे कमान. 'वाका, डोकं आपटेल!' म्हणायची. पॅसेज म्हणजे हे खांब. स्वयंपाकघर म्हणजे ही भट्टी." तो हसला. "मी घाईत असलो की ओरडायची, 'अहो, भिंतीतून काय चालताय!'"

तिला हसू आलं नाही. म्हणजे लग्न झाल्यापासून ती रोज इथेच स्वयंपाक करत होती. विमानात पाय सुजवून, पहिलीपासून पळून ती एवढ्या लांब आली, ती थेट त्याच स्वयंपाकघरात. पहिलीनं इथे पाऊल ठेवलं नव्हतं हे खरं. पण दगड न् दगड तिनंच आधी ओलांडला होता, तोही पडल्या पडल्या.

भट्टीच्या मागे अरुंद पायऱ्या जमिनीत उतरत होत्या. नवरा पहिल्या पायरीपाशी थांबला.

"खाली टाकं आहे. पुस्तकात होतं की इथलं पाणी कधी आटलं नाही. रोज विचारायची, 'अजून असेल का हो?' निळं असणार, म्हणायची. ऊन लागत नाही ना त्याला."

"आणि घरात टाकं कुठे होतं?" तिनं टोमणा मारावा तसं विचारलं. "मोरीत?"

"नव्हतंच. पायऱ्यांपर्यंत आलो की ती पुस्तक मिटायची. 'हे तिथे गेल्यावर,' म्हणायची." तो दुसरीकडे बघू लागला. "तू बघून ये. माझे गुडघे दुखतात."

गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. दिवसभर जिने चढणारा माणूस.

मोबाइलचा उजेड पाडत ती खाली उतरली. पायरीगणिक गारवा वाढत होता, आणि तिचा आनंदही. इथे पहिली खेळातसुद्धा उतरली नव्हती. सापडली एकदाची जागा!

टाकं कोरडं ठणठणीत होतं. भेगाळलेला चिखल. पारव्यांची पिसं. कुणीतरी टाकलेली प्लॅस्टिकची बाटली.

ती बराच वेळ उजेड फिरवत राहिली. 'आटलंय.' एवढा एकच शब्द वर नेऊन टाकायचा होता. पुस्तक खोटं, पहिली खोटी, तो घरभर चालण्याचा खेळ खोटा. शब्द जिभेवर तयार होता आणि त्याला चवही होती.

तिनं वर पाहिलं. उजेडाच्या चौकोनात नवऱ्याचे बूट दिसत होते. शेजारी शेजारी, टाचा जुळलेले. दवाखान्यात डॉक्टरच्या दाराबाहेर माणसं उभी राहतात तसे.

ती वर आली.  तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

तिनं पर्समधून रुमाल काढला आणि आपले कोरडे हात सावकाश पुसले.

"आहे," ती म्हणाली. "गुडघाभर. पण ताईंना सांगा, निळं नाही. हिरवं आहे."