वापरणार किती जण

या, जरा सरकून जवळ बसा. एका शहाण्या माणसाची गोष्ट सांगतो. फार शहाणा माणूस. देव असं शहाणपण वाटतो तेव्हा आपण रांगेत नव्हतो, हे आपलं भाग्यच म्हणायचं.

तर तक्तेबुवा त्या रविवारी वही उघडून बसले होते. कॉम्प्युटरच्या दुकानात मशिनं जुळवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. साधी बादली घ्यायची तरी हे गृहस्थ आधी तक्ता आखत, म्हणून दुकानातल्यांनी त्यांचं नाव तक्तेबुवा ठेवलं. बुवांना वाटे, हा मान आहे.

समोर सोफ्यावर बायको बसली होती. शिवणकारखान्यात पंचवीस वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवल्याबद्दल तिला बक्षीस म्हणून पैसे मिळाले होते. त्यातून तिला गेमचा कन्सोल घ्यायचा होता. टीव्हीला जोडायचा आणि रविवारी दुपारी खेळायचं. मुलगी नोकरीसाठी लांब गेली आणि घरातला रविवार मुका झाला. जेवण झालं की बुवा आतल्या खोलीत दुरुस्तीच्या टेबलाशी जाऊन बसत, ते अंधार पडल्यावर चहा मागायला बाहेर येत.

"कन्सोल म्हणजे सीलबंद डबा," बुवा म्हणाले. "आत हात घालायची सोय नाही. बटण दाबलं की सुरू, एवढंच काय ते कौतुक. बटण दाबलं की गिझरही सुरू होतो."

"मग गिझरला कुठे नावं ठेवतो आपण?"

"अगं, डबा स्वस्त दिसतो, नुसता दिसतो. पुढे एकेक गेम पुऱ्या किमतीला घ्यायचा. ऑनलाइन खेळायचं तर त्याची वर्गणी निराळी. त्यापेक्षा मी घरीच पीसी जुळवतो. त्याला सुरुवातीला पैसे लागतात, पण गेम सेलमध्ये पडत्या भावात मिळतात. पाच वर्षांचं गणित मांड, म्हणजे कळेल."

"त्या सेटमध्ये हातात धरून खेळायचे दोन कंट्रोलर येतात म्हणे," बायको म्हणाली.

बुवा हसले. अडाण्याची कीव करताना शहाणी माणसं हसतात, तसे. "कंट्रोलर मोजून कोणी मशीन घेतं का?"

बुवांना स्वतःच्या पद्धतीचा भारी अभिमान. गिऱ्हाईक आलं की किंमत विचारू द्यायचे नाहीत. आधी त्यांचाच प्रश्न, वापरणार किती जण? तो कागदावर सगळ्यांत वर लिहायचा, मग पुढची ओळ. काउंटरवरच्या सेल्समनने एकदा तीन भावंडांच्या घरात हे न विचारता एकच लॅपटॉप विकला. घरात मारामाऱ्या झाल्या आणि लॅपटॉप परत आला. बुवांनी त्या बिचाऱ्याला महिनाभर चहाच्या टपरीवर सोलून काढलं. "पहिली ओळ चुकली की खालचं सगळं बरोबर असून चूक," असं ते सांगत. हे वाक्य ते इतक्या वेळा सांगत की टपरीवालाही पाठ म्हणून दाखवी.

बायकोने पैसे त्यांच्या हातात दिले. वाद घालून जिंकणारी ती नव्हतीच.

मग चार रविवार पीसी जुळत होता. ग्राफिक्स कार्डाचा भाव उतरायची वाट बघण्यात एक गेला. आतून निळा उजेड पडणारं कॅबिनेटचं खोकं हवंच, म्हणून दुसरा गेला. तिसऱ्यात पंख्याचा आवाज जास्त वाटला. चौथ्यात मॉनिटर बदलून आणला. बायको दारात येऊन विचारी, "झालं का?" आतून उत्तर येई, "होतंय." टीव्ही बाहेर बंद पडून असे. ती सोफ्याच्या एका टोकाला बसून शर्टांची बटणं लावत बसे.

पाचव्या रविवारी बुवांनी हाक मारली. ती पदराला हात पुसत आतल्या खोलीत आली. टेबलावर भिंतीकडे तोंड करून मशीन झगमगत होतं. बुवा खुर्चीत बसले होते. तिने इकडेतिकडे बघितलं आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभी राहिली.

"आता बघ," बुवा म्हणाले.

मशीन म्हणालं, अपडेट चालू आहे. मग म्हणालं, पुन्हा सुरू करा. मग गेमने स्वतःचं वेगळं अपडेट मागितलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पायांनी पुढे सरकू लागली. "हे एकदाच असतं," बुवा म्हणाले. पाच मिनिटांनी त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

उभ्या उभ्या तिने टेबलावरची वही उचलली. पीसी आणि कन्सोलचा तक्ता तिने पहिल्यांदाच नीट पाहिला. किंमत, गेमचा खर्च, वीज, आवाज, दुरुस्ती, पुढची वाढ. चौदा रकाने. अकरांत पीसी जिंकला होता. अक्षर सुंदर, रेघा पट्टीने मारलेल्या. आणि सगळ्यांत वर, बावीस वर्षांच्या सवयीने लिहिलेली पहिली ओळ.

वापरणार किती जण: एक.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वही त्यांच्या पुढ्यात धरली.

"हा एक कोण हो? तुम्ही का मी?"

बुवा झटकन उठले, तिला बसायला काहीतरी द्यावं म्हणून. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. दुसरी खुर्ची नव्हती. इतक्या वर्षांत तिथे ती कधी लागलीच नव्हती.

आता तुम्ही घरी जाल आणि कशाकशाचे तक्ते आखाल. खुशाल आखा. फक्त पहिली ओळ भरताना खुर्चीमागे उभ्या असलेल्या त्या माउलीची आठवण ठेवा.