दाराआडचं मशीन

दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत माझं शिलाई मशीन करकरत चालू होतं. घटस्फोटात ते मला मिळालंय, कोर्टाचा तसा हुकूम आहे. पण तो माणूस देत नाही. कोर्टाचा बेलिफ येणार कळलं की स्वतःच्या आईला आत कोंडून कुलूप लावतो न्‌ पसार होतो. आज तिसरी खेप.

"साहेब, ऐकू येतंय ना?"

"मी काय बहिरा आहे?" बेलिफ म्हणाला. "पण बाई, कुलूप तोडायला वेगळा हुकूम लागतो. आत माणूस आहे असं दोन पंचांनी लिहून दिलं, तर कोर्टापुढं मांडता येईल."

मी समोरच्या काकूंकडं गेले. त्यांच्या अंगातला ब्लाउज मीच शिवलेला.

"काकू, मशीनचा आवाज येतोय एवढ्यावर सही करा."

"कसला आवाज गं? मला हल्ली ऐकूच येत नाही," असं म्हणून त्या शिट्टी झालेला कुकर बंद करायला धावल्या.

बेलिफनं 'दार बंद' असं लिहिलं. कागद दारावर डकवताना थापट्या मारल्या, तसं मशीन थांबलं. तो गेला.

माझ्याच्यानं राहवेना. मी दारापाशी ओरडले, "अहो आई, तेल तरी घाला त्याला! जळेल ते!"

मी पायरीवर बसून राहिले. पाच मिनिटांनी मशीन पुन्हा सुरू झालं.

आवाज अगदी मऊ होता. एवढं मात्र माझं ऐकलं होतं.