उमललेलं एकच

ग्लेनिसनं किटली ठेवली होती, पण चहासाठी नव्हे.

"अजून वेळ आहे, मेरिन. नीट विचार कर," ती म्हणाली. "उकळत्या पाण्यात पडलेलं फूल पुन्हा कागदावर चिकटत नाही."

गावच्या वाचनालयामागच्या या खोलीत भिंतीला लावून कपाटं होती आणि त्यांत आसपासच्या माळांवरची झाडं, दाबून, वाळवून, कुळावार लावलेली; ती ग्लेनिस आणि नेव्हिल सांभाळत. निम्म्याहून जास्त मेरिनच्या आईनं, एल्स्पेथनं, जमवलेली. तिची शेवटची फांदी टेबलावर होती. आईला पुरल्यावर घर आवरताना मेरिनला ती पलंगाखाली, दोन फळ्यांमध्ये दाबलेली सापडली. बारीक पानं, मिटलेल्या कळ्या आणि उमललेलं एकच निळं फूल. अर्धांगाच्या झटक्यानंतर एल्स्पेथचा उजवा हात गेला होता. डाव्या हातानं चिठ्ठीवर जे नाव तिनं लिहिलं होतं, ते जगातल्या कुठल्याच झाडाचं नव्हतं.

"पुदिन्याचं कूळ," चिठ्ठीवर वाकलेला नेव्हिल म्हणाला. "नावाची सुरुवात तिकडेच जातेय."

"आणि शेवट गुडेनियाच्या कुळाकडे," ग्लेनिस म्हणाली. "चष्मा पूस आधी."

"चष्मा पुसून अक्षर सुधारत असतं, तर तुझंही सुधारलं असतं, बाई."

ग्लेनिसनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"फूल तसंच राहू दिलं तर?" मेरिननं विचारलं.

"तर आत काय आहे ते कळणार नाही, आणि या फांदीला कपाटात जागा नाही. कूळ ठाऊक नसलेलं सगळं त्या खोक्यात जातं." ग्लेनिसनं दाराजवळ बोट दाखवलं. खोक्यावर धूळ होती. "तुझी आई त्याला अनाथालय म्हणायची."

"एखादी कळी उघडून नाही का बघता येणार?"

"फार कोवळ्या आहेत. आत काही धरलेलंच नाही अजून," नेव्हिल म्हणाला. मग जरा हळू, "पोरी, फूल तुझं आहे. आमची घाई नाही."

मेरिन फुलाकडे बघत राहिली. कागदाइतकं पातळ झालेलं, कडेला जरा तपकिरी. आईनं पाकळ्या एकेक करून पसरल्या होत्या, एका हातानं.

"मीच तोडते," ती म्हणाली.

तिनं चिमट्यानं देठ सोडवला. ग्लेनिसनं वाटीत उकळतं पाणी ओतलं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला. फूल क्षणभर तरंगलं, मग भिजून खाली बसलं. निळा रंग पाण्यात उतरू लागला. थोड्या वेळानं नेव्हिलनं ते उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि दोन सुयांनी पाकळ्या दूर केल्या. एक फाटली.

"हरलो," तो म्हणाला. "पुदिन्याच्या फुलात मधली काडी टोकाला दुभंगते. ही बघ."

मेरिननं डोळा लावला. फुलाच्या मधोमध एक काडी उभी होती आणि तिच्या टोकावर इवलीशी वाटी.

"गुडेनिया," ग्लेनिस मागून म्हणाली. "त्यांच्याशिवाय ही वाटी कुणाकडे नसते. एल्स्पेथला हात साथ देत नव्हता, बाकी सगळं ठीक होतं तिचं."

"वाटीत काहीतरी पिवळं आहे."

"पराग," नेव्हिल म्हणाला. "कळीत असतानाच वाटी भरते. फूल उमललं की माश्या येतात, दुपारपर्यंत रिकामी करून टाकतात. किती आहे आत?"

"भरलेली आहे."

"पूर्ण?"

"काठोकाठ."

नेव्हिल हसला. "मग त्याच सकाळी उमललेलं हे. माश्यांच्या आधी पोचली म्हातारी."

"झटक्यानंतर ती घराबाहेर पडत नव्हती," मेरिन म्हणाली. "मी सिडनीहून रोज फोन करायचे. फाटकापर्यंतसुद्धा जात नाही म्हणायची."

ग्लेनिसनं नेव्हिलकडे पाहिलं. तो सुया पुसत होता.

"हे झाड कुंपणाच्या आत येत नाही गं," तो म्हणाला. "पाणवठ्यापलीकडच्या वाळूतच येतं. चांगली अर्ध्या तासाची चाल आहे, धडधाकट माणसाला."

मेरिननं भिंगावरून डोळा हलवला नाही. काचेखाली ती वाटी तशीच होती, भरलेली, कुणीही न शिवलेली.