सनईवरची बोटं

"बाईमाणसाचा हात लागला की सनई मुकी हुती," हा सासऱ्यांचा आवाज लग्नापासून सावित्राच्या कानात होता. पण अर्धांगवायूनं नवऱ्याचा, नवशाचा, डावा हात लुळा पडला, तेव्हा तिनं दाराला कडी घातली. तो सनई फुंकायचा, डाव्या हाताच्या भोकांवर ती बोटं ठेवायची.

"उचल की बोट! भाकरी थापतीस व्हय?" तो खेकसायचा.

आठ महिन्यांनी त्याची बोटं हलली आणि देवीच्या जत्रेत सनई घुमली. म्हातारे पुजारी आबा खूश झाले. "सनईला बाईचा हात लागू दिला न्हाईस, म्हून देवी पावली रं!"

सावित्रानं मान खाली घातली. नवशानं भरल्या जत्रेत सनई तिच्या हातात ठेवली.

"आबा, आठ महिने निम्मी सनई हीच वाजवत व्हती. देवी पावली ती हिला."