आले गं बाई, आले!

दुधाची बाटली घेऊन निघाली, की शिशुगृहातली गोदाक्का पाळण्यापर्यंत "आले गं बाई, आले!" म्हणत जायची. ते ऐकताच सात महिन्यांची रेवा रडणं थांबवून ओठ चाटायची.

दत्तक घ्यायला आलेल्या बाईंच्या हातून मात्र ती बाटलीला तोंडच लावेना. बाई रडकुंडीला आल्या.

"अहो ताई, आधी तेवढं म्हणा, मग बाटली द्या," गोदाक्कानं त्यांना आपले शब्द शिकवले. मग मन घट्ट करून दहा दिवस, बाई रेवाला दूध पाजायच्या त्या खोलीकडे ती फिरकलीच नाही.

रेवाच्या निघायच्या दिवशी आत दुसरी पोर रडली. सवयीनं बाटली उचलत गोदाक्का म्हणाली, "आले गं बाई, आले!"

दारात रेवानं ओठ चाटले, आणि मान वळवून पाहिलं ते नव्या आईच्या तोंडाकडे.