माफीची ओळ

"ताप आला म्हणून कुणी कुणाला माफ करतं का गं?" व्हर्लीननं विचारलं. ती मक्याच्या पावाच्या वड्या पाडत होती. मान काही तिनं वर केली नाही.

तिची लेक लोर्ना गिटारच्या तारा जुळवता जुळवता थांबली. केंटकीतल्या आपल्या डोंगराळ गावी ती नऊ वर्षांनी गायला आली होती. रविवारची दुपार, अग्निशमन केंद्राचा हॉल, चर्च सुटल्यावर घराघरातून आलेली पातेली. तिचं आईवरचं गाणं चांगलंच गाजलं होतं. आई महिनोन्‌महिने अंथरुणातून उठत नाही, पोर कोरडी बिस्किटं खाऊन शाळेत जाते, आणि शेवटी, 'आई, मी तुला माफ केलं.' व्हर्लीननं ते कालच पहिल्यांदा ऐकलं, शेजारणीच्या गाडीत.

"आई, लोक रडतात ते ऐकून. बरं वाटतं त्यांना."

"वाटू दे की. पण मी आजारी होते, लोर्ना. गुन्हा नव्हता केला."

लोर्नाला लाज वाटली, चांगली सणसणीत.

गाणं टाळायची सोय नव्हती, लोक त्यासाठीच आले होते. तिनं ठरवलं, सगळं गायचं आणि तेवढी ओळ गिळायची. शेवटचं कडवं आलं तसं तिनं तोंड घट्ट मिटलं.

पण या गावात गाणारा अडखळला की त्याला एकटं सोडत नाहीत, चर्चमधली सवय. अख्ख्या हॉलनं ओळ उचलून धरली. लोर्नानं हात हलवून नको नको केलं. लोकांना वाटलं, आणखी जोरात गा म्हणतेय. मग काय! व्हर्लीनकडे मायेनं बघत दीडशे माणसांनी तिला तीन वेळा माफ केलं.

टाळ्या थांबल्यावर लोर्ना ताट घेऊन रांगेत उभी राहिली. घेवड्याच्या पातेल्यामागे आई होती. तिच्यासमोर आल्यावर लोर्नाला वर बघवेना.

"आई, मी..."

"सगळ्या हॉलात एकच तोंड बंद होतं," व्हर्लीन म्हणाली. "मी तेच बघत होते."

तिनं ताटात दोन डाव घेवडा वाढला. मग रुमालाखाली झाकून ठेवलेली पावाची कडेची, खरपूस वडी काढून त्यावर ठेवली.