घसरगाडीची पहिली फेरी

घसरगाडीत आधी कुणी बसायचं, याचा निकाल पाऊण तास झाला तरी लागत नव्हता. नारळ फुटला होता, पेढे वाटून झाले होते, चेअरमन सुंदररावांचं भाषणही संपलं होतं. तरी बारा जणांची ती लाल गाडी रुळावर रिकामीच उभी होती.

छापील पत्रिकेत तिचं नाव रोलर कोस्टर होतं. गावानं दोन महिने लोखंड आभाळाकडे चढताना पाहिलं आणि घसरगाडी म्हणून टाकलं. या दोन महिन्यांत लोकांना दुसरा विषय नव्हता. पोटात गोळा येतो म्हणे. माथ्यावरून धारूरचा किल्ला दिसतो म्हणे. केसरबाई तर स्वप्नात तीनदा बसून आली होती. आज तीच केसरबाई सगळ्यांच्या मागे, पदराचं टोक दातात धरून उभी होती.

"वाळूची पोती बसवून बघितली म्हनं," ती कुजबुजली. "पोत्याला कुटं जीव असतो, बाई?"

यंदा शेतात उसाचं टिपरू नव्हतं, म्हणून सहकारी कारखान्याचा भोंगा वाजलाच नाही. पोरं रिकामी बसली. तेव्हा सुंदररावांनी सभासदांची नवी संस्था काढली, घरामागचा स्वतःचा माळ फुकट दिला आणि परमुलखातून कारागीर आणले. ते आले, आपसांत आपल्या भाषेत बोलले, गाडी जोडून निघून गेले. सुंदरराव स्वतः कधी वर चढले नाहीत. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्यांना घेरी येते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि तेही लपवत नाहीत. माणूस मोकळा. त्यांचा गडीसुद्धा दोन घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहतो. माळाला लागूनची डाळिंबाची बाग पाण्यावाचून जळाली, भोवतीची दोन पुरुष उंच भिंत तेवढी राहिली, असं ते हसत सांगतात. अशा माणसाला नावं ठेवायला जीभ वळत नाही.

मनकर्णा गर्दीच्या कडेला बसून होती. तिला घसरगाडीचं काही पडलं नव्हतं. ती सुंदररावांना पाण्याच्या टँकरचं विचारायला आली होती; गावाच्या टँकरचं तेच बघायचे. चार दिवस टँकर फिरकला नव्हता. पलीकडच्या माळावर तिची साठ मेंढरं होती आणि काल दोन कोकरं गेली होती. पाण्याची सोय झाली नाही तर उद्या सटवा, तिचा नवरा, कळप गोदावरीकडे हाकणार होता. तेवढी चाल निम्म्या मेंढरांना झेपणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

त्या टँकरवर तिचा जीव होता. त्याचा मागचा नळ सारखा गळायचा. थेंब वाया जातो म्हणून मागच्या खेपेला तिनं जुन्या लुगड्याचं पिवळं फडकं फाडून नळाला करकचून बांधलं होतं. ड्रायव्हर तेव्हा हसला होता.

"सायेब, टँकर कावून येईना?" तिनं विचारलं.

"बिघडलाय, मावशी. धारूरला गॅरेजात पडलाय, इंजिन खोललंय त्याचं." सुंदरराव तिच्यासमोर उकिडवे बसले. "माझ्याकडं असतं तर तुमच्या मेंढरांना आधी पाजलं नसतं का? काल दोन घागरी दिल्या, त्या घरच्या पिंपातल्या."

हे खरं होतं. त्या दोन घागरींपायी मनकर्णाचे डोळे काल भरून आले होते. आजही आले.

"माझं एक काम करा," ते म्हणाले. "पयलं तुमी बसा. तुमी बसल्या की हे समदे येतील."

मनकर्णाला ते पटलं. कळप ओढ्याला अडला की तीही हेच करायची. पुढची मेंढी धरून पलीकडे न्यायची, बाकीच्या आपोआप येतात. आज पुढची मेंढी आपण, एवढंच.

"बसते. पर टँकर?"

"उद्या सकाळी. शब्द दिला. आन् डोळे मिटू नका बरं का, वरून किल्ला बघा."

देवळात शिरावं तशी ती चपला काढून गाडीत बसली. मग केसरबाई बसली. पाच मिनिटांत बारा जागा भरल्या आणि पुढच्या फेरीसाठी भांडण सुरू झालं.

गाडी खडखडत चढू लागली. केसरबाईनं गावातल्या सगळ्या देवांना हाका मारल्या, एकही सोडला नाही. मागून किंकाळ्या सुरू झाल्या. लांबवर साठ मेंढरं मूठभर ज्वारीएवढी दिसू लागली. मनकर्णाला भीती वाटली, आणि जरा लाज वाटावी इतकी मजाही वाटली. या वयात, असल्या वर्षात, पोटातून अशी लहर जाते याचं तिला नवल वाटलं. माथ्यावर गाडी अगदी हळू झाली. त्यांनी शब्द दिला होता, म्हणून तिनंही सांगितल्याप्रमाणे डोळे उघडे ठेवले.

"ओरडा! ओरडा!" खाली सुंदरराव माईकवर सांगत होते.

गाडी सुसाट खाली आली. कुणी ओरडलं नाही. ती दुसऱ्यांदा माथ्यावर गेली, तेव्हा बाराही माना एकाच बाजूला वळल्या होत्या. केसरबाईसुद्धा गप्प होती. यंत्रावरचा माणूस घाबरला आणि त्यानं ती फेरी संपताच गाडी थांबवली.

सुंदरराव हसत पुढे आले. "काय मावशी, दिसला का किल्ला?"

मनकर्णा सावकाश उतरली. तिनं चपला पायात सरकवल्या.

"किल्ला बघायचा राहूनच गेला, सायेब," ती म्हणाली. "तुमच्या भिंतीच्या आत तळं काठोकाठ भरलंय. आपला टँकर त्यात रिकामा व्हतोय, आन् नळाला माझं फडकं तसंच हाय."